चाकांवरचे घर आणि आगीचा धोका

मीरा रोड, काशिमीरा, घोडबंदर या पट्ट्यात मालिकांचे चित्रीकरण चालते. त्यासाठी लागणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि राज्य शासनाच्या 2021 च्या कॅरव्हॅन धोरणात आलेली फिरती घरे यांच्या कामावर वेल्डर, सुतार, वायरमन व गादीवाले यांची रोजी चालते. अशा छोट्या केबिनमधील प्लाय, फोम व रेक्झिनने पेट घेतला, तर आतल्या माणसाला बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून कारागीर बंधूंनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. वेल्डिंग व ग्राइंडिंग आधी पूर्ण करावे, फोम आणि चिकटविण्याचे सोल्युशन नंतर गाडीत न्यावे. सोल्युशनची वाफ एका ठिणगीने पेटते.

दुसरी वायरिंगची. गाडीच्या हादऱ्यांनी वायर पत्र्यावर घासते व तिचे आवरण फाटते. वायर जेथे पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा. तो वारंवार उडतो म्हणून जाड फ्यूज घालू नये. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

तिसरी गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात उभा बांधावा व कप्प्याच्या तळाला गॅस बाहेर जाण्यास छिद्र ठेवावे. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी ओढून कधीही नाही.

जनरेटरचा धूरही आत येता कामा नये. डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये अशा विषारी वायूने दोघांचा मृत्यू झाला. त्या वायूला वास नसतो.

बाहेर पडण्यास दुसरी वाट ठेवावी, अग्निशामक नळकांडे दाराजवळ लावावे. आग लागल्यास आधी माणसे बाहेर, मग 101 वर फोन.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार मंजुरीशिवाय गाडीत फेरबदल करता येत नाही. तसे केल्यास विम्याचा दावाही अडू शकतो. गिऱ्हाईक स्वस्तात उरकायला सांगेल, तेव्हा आपण नकार द्यायला शिकले पाहिजे. त्या गाडीत रात्री बहुधा मालक नव्हे, ड्रायव्हर झोपतो. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्या धंद्यालाही लागू आहे.