आधी ताबा, मग ताकद

छोट्या इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरसाठी इलेक्ट्रॉनिक्स निवडायला बसलेला नवशिका बहुतेक वेळा मोटरपासून सुरुवात करतो. मोटर किती जोरकस, बॅटरी केवढी, स्पीड कंट्रोलर किती अँपिअरचा, हे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात आणि शेजारी शेजारी ठेवून तोलायलाही सोपे असतात. बजेटचा मोठा वाटा तिथे जातो, आणि मग उरलेल्या पैशांत रिमोट, जायरो आणि सर्व्हो कसेबसे बसवले जातात. हा क्रम उलटा करावा, असं मला ठामपणे वाटतं. नवशिक्याचं हेलिकॉप्टर ताकद कमी पडली म्हणून सहसा पडत नाही. ते हाताबाहेर जातं म्हणून पडतं. त्यामुळे पहिला पैसा ताब्यासाठी, दुसरा अखंड वीजपुरवठ्यासाठी आणि उरेल तो ताकदीसाठी. उदाहरणादाखल ‘४५०’ या नावाने ओळखला जाणारा वर्ग घेऊ. तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० या मॉडेलने हा आकार जगभर लोकप्रिय केला. साधारण ३२५ मिलिमीटर लांबीची मुख्य पाती, तीन सेलची २२०० एमएएचची लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो, बॅटरी आणि उडतानाचं वजन पाऊण किलोच्या आसपास. याहून बरीच लहान मॉडेलं बहुधा जोडलेलीच मिळतात. भाग एकेक करून निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने या आकारात उभा राहतो.

विमानाचं मॉडेल नीट तोललेलं असेल तर रिमोटवरचा हात क्षणभर सैल सोडला तरी ते सरळ जात राहतं. हवेत एका जागी धरलेल्या हेलिकॉप्टरला ही मुभा नाही. ते किंचित कललं की कललेल्या बाजूला सरकू लागतं आणि आपण होऊन मूळ जागी परतत नाही. त्यात शेपटीचं वेगळंच. मुख्य पाती एका दिशेने फिरवली की सांगाड्याला उलट्या दिशेचा पीळ बसतो, शेपटीचा पंखा तो थोपवून धरतो, आणि वर जाण्यासाठी जोर वाढवला की पीळही त्याच क्षणी वाढतो. यंत्र जितकं लहान तितकी त्याची जडता कमी आणि हालचाल चपळ, त्यामुळे लहान मॉडेल शिकायला सोपं हा समज फसवा आहे. या तोलाच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि गंमत अशी की तो छोट्या मॉडेलांतूनच सुटत गेला. अमेरिकेत आर्थर यंग यांनी १९२८ पासून अनेक वर्षं मॉडेल हेलिकॉप्टरांवर प्रयोग केले. पात्यांसोबत फिरणारी, टोकांना वजन असलेली एक आडवी दांडी बसवून त्यांनी तोल साधला. १९४१ मध्ये ते बेल कंपनीत गेले, तिथे बेल ४७ घडलं आणि ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळवणारं ते पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलांनीही कित्येक वर्षं फ्लायबार नावाची अशीच दांडी वागवली. आजच्या मॉडेलांवर ती फारशी दिसत नाही, कारण तिचं काम काडेपेटीहून लहान डबीतल्या जायरोंनी उचललं आहे. ही डबी म्हणजे वरून घातलेला दागिना नाही, हेलिकॉप्टरच्या रचनेतला काढून टाकलेला एक अवयव तिने भरून काढलेला आहे. तिच्यावर काटकसर करणं म्हणजे त्या अवयवावर काटकसर करणं.

म्हणून यादीत सर्वांत वर हे स्थिरीकरणाचं युनिट हवं, ज्याला फ्लायबारलेस युनिट म्हणतात. यंत्र कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतंय ते त्यातले जायरो मोजतात आणि वैमानिकाने न मागितलेली हालचाल मोडून काढतात. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात या युनिटने कितीतरी छोट्या दुरुस्त्या केलेल्या असतात. शेपटीवर त्याचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. जुने जायरो फक्त वळण्याला विरोध करत. वाऱ्याने शेपटी ढकलली तर ती सावकाश वळे, पण वळे. पुढे हेडिंग-होल्ड जायरो आले, ज्यांनी शेपटीची दिशा धरून ठेवली आणि ढकललेली शेपटी परत जागेवर आणली. फुटाबाचा जीवाय-४०१ त्या काळी कितीतरी मॉडेलांवर दिसायचा. आजच्या युनिटांत ही सोय मुळातच असते. नवशिक्याने मात्र त्यापुढची एक सोय मागून घ्यावी: रिमोटची काडी मध्यावर सोडली की यंत्र आपण होऊन सपाट होणं, आणि बटण दाबलं की संकटातून सावरणं. त्यासाठी जायरोंच्या जोडीला प्रवेगमापक लागतात, किंमत थोडी वाढते, पण वाचलेली पाती, दांडे आणि गिअर धरले तर ती लवकर वसूल होते.

यावर जुनेजाणते वैमानिक एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वतः सपाट होणाऱ्या यंत्रावर शिकलेला माणूस त्या कुबडीवर विसंबतो, त्याची बोटं दुरुस्ती करायला शिकतच नाहीत, असं ते म्हणतात. सोय कायम चालू ठेवली तर हे खरं आहे. पण ही सोय रिमोटवरच्या स्विचने चालू-बंद होते. ती बंद ठेवून सराव करावा, आणि तोंड आपल्याकडे केलेल्या हेलिकॉप्टरचं डावं-उजवं उलटं भासून गोंधळ झाला की चालू करावी. एकदा यंत्र आपटलं की दुरुस्तीत अख्खा आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात बोटं काहीच शिकत नाहीत.

युनिट कितीही हुशार असलं तरी त्याचा निर्णय अमलात आणतात सर्व्हो. चार लागतात. तीन स्वॉशप्लेट, म्हणजे मुख्य पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, हलवतात, चौथा शेपटीच्या पात्यांचा कोन बदलतो. पहिल्या तिघांसाठी मध्यम वेगाचे पण धातूच्या दात्यांचे, दांडीत ढिलेपणा नसलेले सर्व्हो पुरतात. शेपटीच्या सर्व्होत मात्र हात आखडू नये, कारण तो मंद असेल तर जायरोची आज्ञा उशिरा पोहोचते, युनिट आणखी जोराची आज्ञा देतं आणि शेपटी डावी-उजवीकडे झुलत राहते. तिथे वेगवान डिजिटल सर्व्होच हवा. शेपटीच्या काही सर्व्होंचा मध्यबिंदू १५२० मायक्रोसेकंदांच्या विद्युत स्पंदावर असतो, काहींचा ७६० वर, आणि युनिटला हे सांगावं लागतं. चुकीचा आकडा दिला, किंवा डिजिटल सर्व्होसाठीचा सेकंदाला ३३३ स्पंदांचा दर साध्या सर्व्होला लावला, तर सर्व्हो टेबलावरच जळू शकतो. त्यामुळे ज्याची माहितीपुस्तिका नीट नाही असा सर्व्हो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता वीजपुरवठा. माझ्या मते नवशिक्याच्या खरेदीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो हाच. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्टची, रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, जायरो आणि सर्व्हो यांना मात्र पाच-सहा व्होल्टच लागतात. हे काम बीईसी नावाचं छोटं सर्किट करतं आणि ते बहुधा स्पीड कंट्रोलरच्या आतच असतं. स्वस्त कंट्रोलरांत ते ‘लिनिअर’ प्रकारचं असतं, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारं. गणित साधं आहे: ११.१ मधून ५ वजा केले तर ६.१ व्होल्ट उरतात, सर्व्होंनी २ अँपिअर ओढले तर १२ वॉटहून अधिक उष्णता त्या नखाएवढ्या चकतीत साठते. छोटा सर्व्हो अडकला तर एकटाच जवळपास १ अँपिअर ओढू शकतो, आणि युनिट चौघांनाही सतत हलवत ठेवतं. चकती तापली की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या क्षणी हेलिकॉप्टर कोणाचंच नसतं. जमिनीवर आल्यावर सगळं थंड झालेलं असतं आणि तपासताना दोष सापडत नाही. मग दोष रिमोटला दिला जातो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवाच ४३-४४ अंशांवर असते, तिथे तर ही चकती तापण्याआधीच अर्धी तापलेली असते. उपाय महाग नाही: ‘स्विचिंग’ प्रकारचा, सलग किमान ३ आणि क्षणभर त्याहून जास्त अँपिअर देणारा बीईसी. तो कंट्रोलरमध्ये असला तर उत्तम, नसला तर वेगळा बसवावा.

रिमोटबद्दल नेहमी एक प्रश्न येतो: पडणारच आहे तर पहिल्याच खेपेला चांगला रिमोट कशाला? पण पडतं ते हेलिकॉप्टर. रिमोट हातातच राहतो. सगळ्या खरेदीत अनेक वर्षं टिकणारी आणि पुढच्या प्रत्येक मॉडेलला उपयोगी पडणारी हीच एक वस्तू आहे. त्यात किमान सहा चॅनेल, हेलिकॉप्टरसाठीची स्वतंत्र मांडणी, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, आणि पात्यांचा कोन यांचे वक्र ठरवण्याची सोय आणि काडीची संवेदना मऊ करण्याची सोय हवी. थ्रॉटल-होल्डचा स्विच तर हवाच, कारण मोटर तात्काळ थांबवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. संपर्क तुटला तर मोटर बंद व्हावी, ही फेलसेफची मांडणी पहिल्या उड्डाणाआधी करून तपासावी. यूएसबीने संगणकाला जोडता येणारा रिमोट घेतला तर त्याच काड्यांवर सिम्युलेटरमध्ये हवं तितकं आपटून घेता येतं. सिम्युलेटरला वारा, थकवा आणि भीती नीट दाखवता येत नाही हे मान्य, पण तोंड आपल्याकडे असताना डावं-उजवं कसं उलटतं ते शिकायला दुसरी इतकी स्वस्त जागा नाही.

यानंतर ताकद. इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण या वर्गात स्थिर तरंगायला साधारण १२ ते १५ अँपिअर पुरतात. ३५-४० अँपिअरचा कंट्रोलर आणि २५-३० ‘सी’ची बॅटरी ते आरामात देतात, सी म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह बॅटरी देऊ शकते तो आकडा, २२०० एमएएचला २५ सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. लेबलवरचा सी बऱ्याचदा फुगवलेला असतो हे धरूनही पुरेसं राखीव उरतं. मोठी मोटर घेतली तर जोर हाताशी राहील, वाऱ्यात उपयोगी पडेल, असा युक्तिवाद केला जातो. त्याचं उत्तर पात्यांच्या वेगात आहे. ३५०० केव्हीची मोटर, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे, मोटरच्या दांड्यावरचा ११ दातांचा पिनियन आणि १५० दातांचा मुख्य गिअर, एवढ्यावर भाराविना पाती मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेऊ शकतात. २२०० फेऱ्यांना पात्याचं टोक ताशी जवळपास २९० किलोमीटरने फिरतं, २८०० ला सुमारे ३७० ने, आणि पात्यांत साठलेली ऊर्जा ६२ टक्क्यांनी वाढते. वेग वाढला की काडीला मिळणारा प्रतिसादही तीव्र होतो, आणि नवशिक्याला नेमकं त्याच्या उलट हवं असतं. वेग फार उतरवला तर शेपटीचा पंखाही मंदावतो, हे खरं, म्हणून २२०० ते २४०० च्या आसपास थांबणं शहाणपणाचं. मोठी मोटर घेऊन कंट्रोलर अर्ध्यावर चालवू म्हणाल तर तोही मार्ग बरा नाही, कारण अर्धवट थ्रॉटलवर कंट्रोलर जास्त तापतो. त्याऐवजी लहान पिनियन लावावा आणि फेरे आपण होऊन स्थिर राखणारा, म्हणजे गव्हर्नरची सोय असलेला कंट्रोलर घ्यावा. गव्हर्नर हीसुद्धा ताब्याचीच सोय आहे: फेरे बदलले नाहीत तर पीळही कमी बदलतो आणि शेपटीवरचा बोजा हलका होतो.

बॅटरीतला पैसा एका मोठ्या बॅटरीत घालण्यापेक्षा त्याच मापाच्या दोन घेण्यात घालावा. क्षमतेच्या ८० टक्के वापरून थांबलं तर सात-आठ मिनिटं मिळतात आणि सेलही टिकतात. चार्जर सेलवार समतोल राखणाराच हवा. २२०० एमएएचला २.२ अँपिअरने चार्ज करावं, चार्ज होत असताना खोली सोडून जाऊ नये, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा.

हे सगळं एका खोक्यात जोडून मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असंही कोणी विचारेल. अगदी लहान, दोन चक्रांच्या किंवा ठरावीक कोनाच्या पात्यांच्या मॉडेलसाठी तयार संच घेणंच योग्य. त्यांचं वजन इतकं कमी असतं की पडूनही फारसं मोडत नाही. पण त्यांतल्या अनेकांत रिसीव्हर, जायरो, स्पीड कंट्रोलर आणि कधी कधी सर्व्होही एकाच पाटीवर असतात, आणि एक भाग गेला की अख्खी पाटी बदलावी लागते. ४५० च्या वर्गात तयार संच घ्यायचाच झाला तर खोक्यावरच्या मोटरच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रिमोट दुसऱ्या मॉडेललाही चालतो का, बीईसी कोणत्या प्रकारचा आणि किती अँपिअरचा आहे, आणि शेपटीचा सर्व्हो सुटा मिळतो का. घरी आणल्यावर कंट्रोलर आणि मोटर यांच्यामधल्या तिन्ही तारा काढून ठेवून मगच बॅटरी जोडावी. हेलिकॉप्टर हातात धरून नाक उजवीकडे वळवावं आणि शेपटीची पाती नाक परत डावीकडे आणायच्या बाजूला कोन घेतात का ते पाहावं. मग पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना कलवून स्वॉशप्लेट सपाट राहायला धडपडते का ते पाहावं. यातली एकही दिशा उलटी असेल तर युनिट दुरुस्तीच्या नावाखाली चूक वाढवत नेतं, आणि जमीन सोडताक्षणी यंत्र उलटतं. तिन्ही दिशा बरोबर आल्याशिवाय मोटरच्या तारा परत जोडू नयेत.