संध्याकाळचा पहिला अर्धा तास

नोकरी करणाऱ्या नवराबायकोंच्या कुरबुरींवर एका गायनमास्तराने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माझ्या शिकवण्या संध्याकाळच्या, आणि मुलांना न्यायला येणारे आईबाप मी गेली वीस वर्षे रोज पाहत आलो आहे. दोघेही कचेरीतून थेट आलेले असतात. एकजण पायरीवर उभ्याउभ्या फोनवर साहेबाची समजूत घालीत असतो, दुसरी "दूध घेतलंत का?" एवढेच विचारते आणि त्यावरून चारचौघांत खटका उडतो. भांडण दुधाचे नसतेच. राग दिवसभर भलतीकडे साठलेला असतो, सांडतो मात्र घरच्या माणसावर. पण दुसऱ्यांची उणी कशाला काढा? माझ्या घरचीच गोष्ट सांगतो.

माझे वडील ऐन तारुण्यात बडोद्याच्या दरबारी गवई होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्यांवर काढले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. पाहिले ते रात्री दमून घरी येणारे वडील. जिन्यावरच्या त्यांच्या पावलांवरूनच आज दिवस कसा गेला हे आईला कळे. आमचा दंगा ती डोळ्यांनीच थांबवी, ताट वाढी, आणि वडिलांचे जेवण होईपर्यंत घरात कोणी शब्द काढीत नसे. बाहेरचा सगळा ताप अशा रीतीने आईच्या पदरात पडून तेथेच विझून जाई. आईचा ताप कोणाच्या पदरात पडत होता, हे मात्र आम्ही कोणी कधी विचारले नाही.

मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात. हवा बदलली की तारा उतरतात. एक तंबोरा उतरला, तर दुसऱ्याच्या आधाराने तो लावून घेता येतो. आमच्या घरात आई हा तो न उतरणारा तंबोरा होता, किंवा तसे आम्ही धरून चाललो होतो. आज माझ्यासारख्या अनेक घरांत दोन्ही तंबोरे बाहेरून उतरून येतात, आणि नवरा मात्र आपल्या वडिलांसारखा, समोरचा सुरातच असेल अशा भरवशावर उंबरठा ओलांडतो.

माझी पत्नी बँकेत आहे. तिचा कठीण काळ मार्चअखेरचा. माझा त्याला लागूनच येतो, कारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे संगीताच्या परीक्षांचे दिवस. काही वर्षांपूर्वी एकतीस मार्चच्या रात्री ती साडेदहाला घरी आली. मी त्या दिवशी चार तुकड्या शिकवल्या होत्या, एका पालकाचे बोलणेही ऐकून घेतले होते. ती दारात चपला काढीत असतानाच मी म्हणालो, "आज पोळ्यासुद्धा नाहीत." तिने उत्तर दिले नाही. एक चपल पायात, एक हातात, अशी ती तशीच खाली बसली. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाली, "शिष्याचा चुकलेला सूर तुम्ही दहा वेळा समजावून सांगता. मला, दिवस कसा गेला, एवढंही कधी विचारत नाही."

त्यानंतर दोन आठवडे आमच्यात कामापुरते बोलणे होते. मी ते अंगावर घेतले नाही. दमलो आहोत, परीक्षा संपल्या की निवळेल, असे मनाशी म्हणत राहिलो. मग एके सकाळी तंबोरा लावून बसलो असता बारा वर्षांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाबा, आई आता आजीकडेच राहायला जाणार का?" तिने आईचे फोनवरचे बोलणे ऐकले होते. त्या दिवशी सकाळचा रियाझ झाला नाही.

रात्री मी पत्नीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "क्षमा नको, हिशेब करू." माझ्या हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर आठवडाभर आम्ही दोघांनी आपापले घरकाम वेळेसह लिहिले. मी स्वतःला घरात हातभार लावणारा पुरुष समजत होतो. माझी बेरीज दिवसाला पाऊण तासाच्या आत आली, आणि त्यात तुळशीला पाणी घालणेही धरले होते. तिची चार तासांच्या वर गेली, नोकरी वेगळी.

आमचे घर जगावेगळे नव्हते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटे. यात नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आल्या हे खरे. पण नोकरी लागली म्हणून बाईचे घरकाम कोणी उचलून घेत नाही, हे सांगायला पाहणी कशाला हवी? अमेरिकेत डेट्रॉइट भागातल्या १६६ जोडप्यांनी बेचाळीस दिवस रोजनिशी लिहिली. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. कामावरचा ताण नवरा आणि बायको दोघेही घरी आणतात, असे त्यात दिसले. पण जोडीदाराचा दिवस वाईट गेला म्हणून घरातला जास्तीचा भार उचलते ती विशेषेकरून बायको. माझी आई त्या रोजनिशीत शोभली असती.

ज्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलींनाही शाळेत बसवले, त्यांच्या नगरीत आम्ही राहतो. त्या मुलींच्या नातीपणती आज बँकांत, इस्पितळांत, न्यायालयांत आहेत, याचा आम्हांला अभिमानही आहे. शाळेसाठी कायदा होऊ शकला; स्वयंपाकघराची वाटणी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

आम्ही ती केली. मार्च महिन्याचे स्वयंपाकघर संपूर्ण माझे. परीक्षांच्या दिवसांत मुलीचा अभ्यास आणि बाजार तिच्याकडे. एरवी सकाळ तिची, रात्र माझी. दुसरा नियम अर्ध्या तासाचा. जो आधी घरी येईल त्याने चहा ठेवायचा, आणि मागून येणाऱ्याला अर्धा तास काही विचारायचे नाही: दूध नाही, फी नाही, पाहुणे नाहीत. बोलावेसे वाटले तर त्याने बोलावे, न वाटले तर गप्प बसावे. त्या गप्प बसण्याला राग समजायचे नाही. मात्र तो अर्धा तास आळीपाळीने दोघांनाही मिळाला पाहिजे. माझ्या वडिलांना तो रोज मिळाला, आईला एकदाही नाही.

यातून सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. माझी आमटी अजून करपते. चहाने बँकेतले काम कमी होत नाही. माणसे अपुरी आणि तास वाढते असतील, तर ते गाऱ्हाणे कचेरीतच मांडले पाहिजे, त्याची शिक्षा घराला नको. आम्ही भांडतोही. पण आता भांडण निदान ज्या गोष्टीचे असते त्याच गोष्टीवरून होते.

गेल्या मार्चअखेरीस ती साडेनऊला आली. पोळ्या झाल्या होत्या, गोल नव्हत्या. मी विचारले, "दिवस कसा गेला?" ती म्हणाली, "अर्ध्या तासानं सांगते." मी मुलीचे ताट वाढायला घेतले.