दात आंबले असता घासू नयेत

चिंच वा कैरी खाऊन दात आंबलेल्या मुलास लगेच दात घासावयास सांगणे हितकारक नाही. आम्लाने दातांवरील कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, काही काळ मऊ पडते. अशा वेळी ब्रशाने, विशेषतः राखेने, घासल्यास मऊ थर झिजतो. गेलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. लाळेतील क्षार उरलेला थर हळूहळू कठीण करतात. फ्लोराइड या कार्यास साहाय्य करते व दंतवल्क आम्लापुढे अधिक टिकाऊ बनविते. झीज त्यामुळे कमी होते; सर्वस्वी थांबत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांस प्रथम चूळ भरावयास सांगावे आणि सुमारे १ तासानंतरच फ्लोराइडयुक्त पेस्टने हलक्या हाताने दात घासण्याची सवय लावावी. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी व गिळू नये; लहानपणी फ्लोराइड फार पोटात गेल्यास दातांवर कायमचे डाग पडतात.