परिघाचे सूत्र आणि रस्त्यावरचे चाक

वर्तुळाच्या कडेची एकूण लांबी म्हणजे परीघ. न घसरता फिरणारे चाक एका पूर्ण फेऱ्यात आपल्या परिघाइतकेच पुढे सरकते, कारण त्याच्या कडेचा प्रत्येक बिंदू जमिनीला क्रमाने एकदा टेकतो. त्यामुळे व्यासाला पायने गुणून परीघ काढला आणि त्याला फेऱ्यांच्या संख्येने गुणले, की कापलेले अंतर मिळते.

या गणितात पायची किंमत किती काटेकोर घ्यावी, याचा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातील ‘लीलावती’त केला असून तेथे ३९२७/१२५० ही सूक्ष्म, तर २२/७ ही स्थूल पण व्यवहाराला पुरेशी किंमत सांगितली आहे. ६७२ मिलिमीटर व्यासाच्या सायकलच्या चाकाचा परीघ सूक्ष्म किमतीने सुमारे २.१११ मीटर येतो आणि ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये असे चाक जवळपास २०,००० फेरे घेते. स्थूल किंमत वापरल्यास प्रत्येक फेऱ्यामागे एक मिलिमीटरहूनही कमी फरक पडतो, तरी तो साचत जाऊन शर्यतीअखेर सुमारे १७ मीटरांवर पोहोचतो.

मात्र मोजणीतील मोठी चूक पायमुळे नव्हे, तर टायरमुळे होते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ओझ्याखाली जवळजवळ दबत नाही. हवा भरलेला टायर मात्र स्वाराच्या वजनाने जमिनीपाशी चपटा होतो आणि चाकाची परिणामी त्रिज्या, म्हणजे प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावरून निघणारी त्रिज्या, घटते. ही घट एक मिलिमीटर असली तरी प्रत्येक फेऱ्यात सुमारे ६.२८ मिलिमीटर आणि २०,००० फेऱ्यांत सव्वाशे मीटर अंतर कमी भरते. शिवाय ऊन वाढले की टायरमधील हवेचा दाब वाढून ही त्रिज्याही किंचित बदलते, म्हणून सकाळी आणि दुपारी तेच चाक तेच अंतर वेगळ्या फेऱ्यांत कापते.

यासाठी मॅरेथॉनचा मार्ग मोजताना परीघ सूत्राने न काढता रस्त्यावरच ठरवला जातो. अमेरिकेत १९७१ च्या सुमारास तयार झालेला जोन्स गणक सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसापाशी बसतो आणि त्याच्या मूळ रचनेत चाकाच्या एका फेऱ्यामागे २० अंक पुढे सरकतात. पोलादी फितीने मोजलेल्या, किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर स्वार मोजणीपूर्वी आणि मोजणीनंतर अनेकदा सायकल चालवतो. समजा त्या पट्ट्यावर सरासरी २,८५० अंक पडले, तर एका मीटरला ९.५ अंक हे प्रमाण निघते. त्यात स्वाराचे वजन, टायरचा दाब आणि त्या दिवसाचे हवामान हे सारे आपोआप धरले जाते, त्यामुळे पायची गरजच उरत नाही.

तरीही थोडी अनिश्चितता राहतेच आणि मार्ग लांब भरण्यापेक्षा आखूड भरणे अधिक घातक ठरते. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये १९८१ साली अल्बर्टो सालाझार यांनी नोंदवलेली २ तास ८ मिनिटे १३ सेकंद ही वेळ तेव्हा जागतिक विक्रम मानली गेली. पण फेरमोजणीत तो मार्ग सुमारे १५० मीटर आखूड निघाला आणि विक्रम टिकला नाही. म्हणून आज प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जादा धरून मार्ग आखतात आणि मॅरेथॉनपटू कागदावरील अंतरापेक्षा सहसा थोडे अधिकच धावतो.