पदवीनंतरची आणखी एक परीक्षा
नोकरीचे पत्र हातात पडले तरी नोकरी पक्की होत नाही. आयटी कंपन्यांच्या प्रशिक्षण योजनांतून जाणाऱ्या पदवीधरांचा अनुभव आणि त्यामागचे गणित

मुंबई, प्रतिनिधी

माटुंगा स्थानकातून पूर्वेला बाहेर पडले की अर्ध्या तासाच्या पायपिटीत व्हीजेटीआय, रुईया, पोदार, खालसा अशी महाविद्यालये लागतात. अभियांत्रिकी, विज्ञान आणि वाणिज्य या तिन्ही शाखांचे पदवीधर दरवर्षी या एका उपनगरातून शेकड्यांनी बाहेर पडतात. शेवटच्या वर्षाला कॅम्पस मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की उपाहारगृहांच्या टेबलांवर इडली आणि कापीबरोबर एकच विषय रंगतो, तो म्हणजे कोणाला कुठले पत्र आले. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एखाद्या मोठ्या सल्लागार कंपनीचे पत्र आले की घरी पेढे येतात. मात्र या पत्राने मिळते ती बहुधा ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून जागा. नोकरी त्यानंतर सुरू होते आणि काहींच्या बाबतीत ती सुरूच होत नाही.

माटुंगा ते म्हैसूर

कंपनीने पदवीधर घ्यायचा आणि त्याला कामाचे शिक्षण स्वतः द्यायचे, ही पद्धत या उद्योगाइतकीच जुनी आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएसची स्थापना १९६८ साली मुंबईत झाली, तेव्हा देशात संगणकशास्त्राचे पदवीधर जवळजवळ नव्हतेच. विद्युत, यंत्र वा स्थापत्य शाखेचा हुशार अभियंता निवडावा आणि त्याला संगणकाची भाषा शिकवावी, हाच एक मार्ग होता. माटुंग्यातील व्हीजेटीआय ही १८८७ साली स्थापन झालेली आणि १९२३ साली भायखळ्याहून येथे स्थलांतरित झालेली संस्था मूळची गिरण्या आणि कारखान्यांना तंत्रज्ञ पुरवणारी. पुढे तिचे विद्यार्थी मोठ्या संख्येने सॉफ्टवेअरकडे वळले, ते याच वाटेने.

१९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने २००५ साली म्हैसूरला निवासी प्रशिक्षण केंद्र उघडले. सुमारे ३३७ एकरांच्या या परिसरात वसतिगृहे, ग्रंथालय, क्रीडांगणे, तरणतलाव आणि चित्रपटगृह अशा सोयी आहेत आणि हजारो पदवीधर तेथे एकाच वेळी शिकू शकतात. टीसीएसचे प्रारंभिक प्रशिक्षण तिरुवनंतपुरम आणि इतर केंद्रांत होत आले आहे. विप्रोने बिट्स पिलानीच्या सहकार्याने विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता एमटेक करण्याची संधी देणारी योजना चालवली. ठरावीक वर्षे कंपनीत राहण्याचा करार ही त्याची दुसरी बाजू होती.

दिवस कसा जातो

या योजनांतून गेलेल्या तरुणांचे अनुभव बरेचसे सारखे असतात. पहिला अनुभव घर सुटण्याचा. मुंबईच्या दोन खोल्यांत वाढलेला मुलगा एकाएकी कर्नाटकातील वा केरळातील वसतिगृहात पोहोचतो. सकाळी वर्ग, दुपारी प्रात्यक्षिक, रात्री उशिरापर्यंत सराव. आधी प्रोग्रॅमिंगची मूलतत्त्वे, मग जावा किंवा पायथॉन, त्यानंतर डेटाबेस आणि शेवटी ज्या शाखेत नेमणूक व्हायची तिचे विशेष शिक्षण. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी परीक्षा असते आणि ठरावीक गुण मिळाल्याशिवाय पुढचा टप्पा मिळत नाही. संगणकशास्त्र घेतलेल्यांना पहिले काही आठवडे उजळणीसारखे वाटतात. यंत्र किंवा स्थापत्य शाखेच्या पदवीधरांना मात्र चार वर्षांचा विषय काही आठवड्यांत पचवावा लागतो.

या व्यवस्थेचे ऋण मान्य करणारेही पुष्कळ आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आलेली मुलगी आणि नामांकित संस्थेतील मुलगा येथे एकाच बाकावर बसतात. शिकताना पगार मिळतो. इंग्रजीत बोलण्याची भीड मोडते, संघाने काम करण्याची सवय लागते आणि देशभरात मित्र होतात. अनेक घरांत कार्यालयातील पांढरपेशी नोकरी पहिल्यांदा आली ती याच दाराने.

नाराजीचा सूर बहुधा प्रशिक्षणानंतर उमटतो. ज्या भाषेचे शिक्षण घेतले, काम त्याच भाषेत मिळेल याची शाश्वती नसते. कुणाच्या वाट्याला सॉफ्टवेअरची चाचणी येते, कुणाच्या वाट्याला रात्रपाळीत परदेशी ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचे काम. मुंबई वा पुणे मागितले असता चेन्नई किंवा हैदराबाद मिळते. प्रकल्पच मिळाला नाही तर ‘बेंच’वर बसावे लागते. म्हणजे पगार चालू, पण काम नाही. आणि ही स्थिती लांबली की पगाराचीही चिंता सुरू होते. टीसीएसने जून २०२५ मध्ये असे प्रकल्पाविना दिवस वर्षाला ३५ कामकाजाच्या दिवसांपुरते मर्यादित केल्यापासून ही चिंता वाढली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काय घडले

या सगळ्या प्रश्नांना तोंड फुटले ते म्हैसूरला. २०२२ साली पदवी घेतलेल्या अनेकांना इन्फोसिसची पत्रे मिळाली होती, पण रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. त्यातील बरेच जण २०२४ च्या उत्तरार्धात, म्हणजे दोनएक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर प्रशिक्षणाला पोहोचले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यातील तीनशेहून अधिक जणांना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्याच्या कारणावरून घरी पाठवण्यात आले. आयटी कर्मचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेने हा आकडा सातशेच्या घरात असल्याचा दावा करून केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली. प्रत्येकाला तीन संधी दिल्या जातात, ही अट करारातच आहे आणि हा नियम दोन दशकांहून अधिक काळ चालत आला आहे, अशी भूमिका कंपनीने मांडली. पुढच्या महिन्यांत आणखी काही तुकड्यांवर हीच वेळ आली. त्यांना अन्य नोकरी शोधण्यास साहाय्य आणि पर्यायी प्रशिक्षण देऊ करण्यात आले.

केंद्राच्या सूचनेवरून कर्नाटकाच्या कामगार खात्याने चौकशी केली. हे तरुण नियमित कर्मचारी नसून प्रशिक्षणार्थी होते, त्यामुळे कामगार कपातीचे नियम त्यांना लागू होत नाहीत, असा खात्याचा सूर असल्याचे वृत्त त्यानंतर आले. सारा वाद अखेर एका शब्दावर येऊन थांबला.

हा प्रकार एकाच कंपनीपुरता नाही. जानेवारी २०२३ मध्ये विप्रोने प्रशिक्षणोत्तर मूल्यमापनात मागे पडलेल्या ४५२ नवोदितांना कमी केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, साडेसहा लाख रुपये वार्षिक वेतनाचे पत्र दिलेल्या काही उमेदवारांपुढे साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय ठेवण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटने देऊ केलेल्या २ लाख ५२ हजारांच्या वार्षिक वेतनावर टीकेची झोड उठली. हा आकडा तीन वर्षांच्या बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी असल्याचा खुलासा कंपनीने केला.

कंपनीचे गणित

सल्लागार कंपनीचे उत्पन्न माणसांच्या कामाच्या तासांवर उभे असते. परदेशी ग्राहकाकडून दर ठरतो तो संपूर्ण चमूसाठी. चमूत एखादा अनुभवी व्यवस्थापक, चार-पाच मध्यम अनुभवाचे आणि खाली बरेचसे नवोदित, असा पिरॅमिड असला तर नफा वाढतो. पिरॅमिडचा पाया रुंद ठेवण्यासाठी दरवर्षी हजारो पदवीधर लागतात. पण कॅम्पसवर निवड होते ती रुजू होण्याच्या आठ-दहा महिने आधी. तेवढ्या काळात मागणी घटली तर पत्रे वाटलेली असतात आणि काम नसते. करोनाच्या साथीनंतर २०२१-२२ मध्ये मागणी उसळली, भरती विक्रमी झाली आणि लगोलग मंदीची चाहूल लागली. रखडलेल्या तारखा आणि कडक झालेल्या परीक्षा यांचे मूळ या उलाढालीत शोधावे लागते. नवोदितांकडून करवून घेतले जाणारे चाचणीचे व साध्या प्रोग्रॅमिंगचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागल्याने हा पाया पूर्वीइतका रुंद ठेवण्याची गरज उरेल का, हा प्रश्नही आता त्यात मिसळला आहे.

दुसरी बाजू वेतनाची. मोठ्या कंपन्यांतील साधारण श्रेणीच्या पदवीधराचे प्रारंभीचे वेतन गेली दहा-पंधरा वर्षे वर्षाला तीन ते पावणेचार लाखांच्या दरम्यान रेंगाळले आहे. याउलट २०१२ सालासाठी १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या अखेरीस १९० च्या वर गेला होता. म्हणजे तेवढ्याच पगारात येणाऱ्या वस्तू जवळजवळ निम्म्यावर आल्या. शिवाय पत्रातील आकडा हातात येत नाही. साडेतीन लाख म्हणजे महिना सुमारे २९ हजार. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा आणि व्यवसाय कर वजा जाता जे उरते, त्यात परक्या शहरातील खोलीचे भाडे भागवताना ओढाताण होते.

बाँड आणि कायदा

प्रशिक्षणाचा खर्च वसूल व्हावा म्हणून काही कंपन्या सेवाबंधपत्र अर्थात बाँड लिहून घेतात. मुदतीआधी नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरावी लागते. ‘असा बाँड कायद्याने टिकत नाही’ ही समजूत विद्यार्थ्यांत पक्की आहे, पण ती अर्धीच खरी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय-व्यापारावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट सहसा टिकत नाही. नोकरीच्या मुदतीतील बंधन मात्र वेगळे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील एक शिफ्ट सुपरवायझर टायर कॉर्डचे प्रशिक्षण घेऊन, पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने करारातील बंधन वाजवी ठरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या माजी अधिकाऱ्याच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तथापि तेथे सार्वजनिक बँकेच्या खर्चिक भरती प्रक्रियेचा विचार झाला होता, हे विसरता येत नाही. करार कायद्याचे कलम ७४ भरपाई ‘वाजवी’ असावी असे सांगते. करारात लिहिलेली रक्कम म्हणजे कमाल मर्यादा. तेवढी सगळी आपोआप मिळेलच असे नाही. परदेशातही हा वाद आहे. कॅलिफोर्नियाने २०२५ साली कायदा करून, १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या करारांत नोकरी सोडल्यास पैसे भरायला लावणाऱ्या बहुतेक अटींना मनाई केली.

कायद्याच्या लेखी कोण?

‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली नोंदणीकृत करार असलेला तो शिकाऊ उमेदवार. त्याला विद्यावेतन मिळते, त्याच्या कराराची सरकारी नोंद होते आणि पश्चिम विभागासाठी हे काम पाहणारे मंडळ माटुंग्याशेजारीच, शीवला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने अशा शिकाऊ उमेदवाराला ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले आहे. १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तो सामावलेला होता. दुसरा प्रशिक्षणार्थी केवळ कंपनीच्या पत्रावरचा. त्याचे स्थान त्याच्या पदनामावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून आणि करारावरून ठरते. मात्र कपातीपूर्वीची नोटीस आणि भरपाई यांसाठी सलग वर्षभराची सेवा लागत असल्याने तीन-चार महिन्यांत बाहेर पडणाऱ्याला ते संरक्षण मिळत नाही.

नव्या संहितांनी दोन गोष्टी उपयोगाच्या केल्या आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे आणि नोकरी संपल्यावर उरलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते.

सही करण्यापूर्वी

म्हणून पत्र आल्यावर काही गोष्टी पाहून घेणे हिताचे ठरते. आलेले पत्र इरादापत्र आहे, ऑफर लेटर आहे की नेमणूकपत्र? रुजू होण्याची तारीख त्यात आहे का? प्रशिक्षण काळातील दर्जा शिकाऊ उमेदवाराचा आहे की कर्मचाऱ्याचा? परीक्षेत किती गुण लागतात, किती संधी मिळतात आणि अनुत्तीर्ण झाल्यास काय, हे लेखी आहे का? बाँडची रक्कम सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते? कंपनीने काढून टाकल्यासही ती भरावी लागते का? नोटीस किती दिवसांची? मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवावी.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांचीही यात जबाबदारी आहे. वर्षअखेरीस किती पत्रे मिळाली याचा आकडा फलकावर झळकतो. किती जण रुजू झाले आणि वर्षभराने किती जण नोकरीत टिकले, हा आकडाही त्याशेजारी लागला तर पुढच्या तुकडीला निर्णय घेणे सोपे जाईल. एक पत्र स्वीकारल्यावर दुसऱ्या मुलाखतीला बसू न देण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे. कंपनीने तारीख लांबवली तर तो शिथिल व्हायला हवा. दोन वर्षे वाट पाहून तिसऱ्या परीक्षेत घरी परतलेल्या पदवीधराच्या हातात तोवर फक्त गेलेली वर्षे उरलेली असतात आणि पुढच्या मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न त्यांच्याविषयीच विचारला जातो.