दोर सोडणारा माणूस

भिवपुरी रोडला कर्जत लोकलमधून उतरलो, बेकरे गाव मागे टाकलं आणि भातखाचरांच्या बांधावरून रानात शिरलो. धबधब्याचा आवाज बराच आधी येतो. धबधबा मात्र झाडीतून एकदम पुढ्यात येतो. उंची सुमारे सव्वाशे फूट, आणि आम्हाला त्याच्या धारेतूनच दोरावरून खाली यायचं होतं.

माथ्यावर पोचल्याबरोबर मंडळी फोटोंना लागली. आमच्या म्होरक्याने मात्र ओढ्याच्या काठाला, पाण्याच्या रेघेवर, कातळाच्या फटीत एक काडी खोचली. काडी बुडाली की कार्यक्रम बंद. पाणी गढूळलं किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, तरीही बंद. मग आपल्या डोक्यावर लख्ख ऊन का असेना. पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो. साम्रदची सांदण दरी शहाणा वाटाड्या पावसाळ्यात उतरत नाही ती याचसाठी. त्या अरुंद घळीत लोंढा आला तर बाजूला सरायला जागाच नाही.

मग दोर. कोरड्या कड्यावर दोराच्या शेवटाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटत नाही. इथे गाठ नव्हती. मला ते खटकलं, विचारलंही. तो म्हणाला, "ताई, खाली डोह आहे. पाण्यात पोचल्यावर दोरातून लगेच सुटायला हवं. गाठ आठात अडकली, तर धार डोक्यावर घेऊन बसाल." आठ म्हणजे कमरेच्या हार्नेसला लावलेली इंग्रजी आठच्या आकाराची कडी, जिच्यातून दोर घासत सरकतो. डोहापाशी उभ्या पोराने शिट्टी मारली, तशी म्होरक्याने दोराची लांबी बेतली. टोक पाण्याला जेमतेम टेकेल एवढीच.

आणि त्याने दोर नांगराला, म्हणजे माथ्यावरच्या आधाराला, पक्का बांधलाच नाही. तोही एका आठातूनच अडकवला होता, हवा तेव्हा वरून सोडता येईल असा. याचा अर्थ मला अर्ध्या वाटेवर कळला.

सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांनी बनलेला, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा. कोरडा असता तर मजेत उतरले असते. शेवाळावर पाय सटकला, मी धारेत झोपाळ्यासारखी फिरले आणि माझ्या रेनकोटची नाडी आठात ओढली गेली. (नाड्या आत खोचा, असं त्याने दोनदा बजावलं होतं.) ना वर, ना खाली. पाणी खांद्यावर पोती टाकावीत तसं आदळत होतं. हनुवटी छातीला टेकवली की हेल्मेटच्या कडेखाली ओंजळभर हवा मिळते, हे शिकवलेलं तेवढं आठवलं.

मला वर ओढतील असं वाटत होतं. पण भिजलेल्या माणसाला पाण्याच्या माराविरुद्ध ओढायला दहा हात लागले असते, आणि तेवढा वेळ मी धारेखालीच राहिले असते. त्याने वरून दोर सोडला. माझ्या कमरेचा सुरक्षा दोरही बरोबर ढिला होत गेला. हात न हलवता मी संथ खाली आले, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखी.

संध्याकाळी तो अंगणात दोर बादलीतल्या साध्या पाण्यात पिळून काढत होता. कातळाची कच आत राहिली की धागे आतून कापते. मग पडवीत, सावलीत, वेटोळी पसरली. उन्हाने नायलॉन कुजतं. प्रत्येक हात दोन बोटांत चाचपून बघत होता. एका जागी थांबला, परत चाचपलं, आणि कोयत्याने तेवढा तुकडा तोडून गोठ्याकडे भिरकावला.

"म्हशीला होईल," म्हणाला.