इंग्रजी भाषेतील अलंकार

इंग्रजी अलंकार म्हणजे परीक्षेपुरते पाठ करावयाचे प्रकरण, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. नावे पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पुढे इंग्रजी पुस्तक हाती आले की प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्याचा अर्थ लागत नाही. असे का होते, याचा आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अलंकार आपणांस परके नाहीत. ‘तो सिंहासारखा लढला’ ही उपमा होय. येथे योद्धा हे उपमेय, सिंह हे उपमान, पराक्रम हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द. इंग्रजीत हिलाच ‘सिमिली’ म्हणतात. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ हे शब्द ही तिची खूण. तो शब्द गाळून ‘तो रणातला सिंहच होता’ असे म्हटले की रूपक, म्हणजे ‘मेटॅफर’ झाले. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘पलीकडे वाहून नेणे’ असा आहे. निर्जीवाला सजीवाचे गुण दिले की चेतनगुणोक्ती, म्हणजे ‘पर्सोनिफिकेशन’. आणि फुगवून सांगितले की अतिशयोक्ती, म्हणजे ‘हायपरबोली’.

आता लक्षणेकडे वळू. संस्कृत साहित्यशास्त्रात तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे : ‘गंगेवर गवळीवाडा’. वाडा पात्रात नव्हे, तीरावर आहे, हे ऐकणारा जाणतो. कोगनोळीजवळून वाहणाऱ्या दूधगंगेच्या काठचा शेतकरी ‘आमचे शेत नदीवर आहे’ असे म्हणतो, तेव्हा ते पाण्यात आहे असे कोणी समजत नाही. इंग्रजीत ‘द केटल इज बॉइलिंग’ म्हणतात, तेव्हाही किटली नव्हे, तिच्यातील पाणी उकळत असते. अशा प्रयोगास ‘मेटॉनिमी’ हे नाव आहे.

मग अडते कोठे? अडते ते उपमानापाशी. इंग्लंड हा थंड देश. तेथे ऊब सुखाची. म्हणून मनापासून केलेले स्वागत ते ‘वॉर्म वेलकम’ आणि निर्दय माणूस तो ‘कोल्ड हार्टेड’. आपल्याकडे उन्हाळा तापदायक. म्हणून आपले डोळे निवतात आणि जीव थंड होतो. कन्नड आजीही ‘निन्न होट्टे तण्णगिरलि’, म्हणजे ‘तुझे पोट थंड राहो’, असाच आशीर्वाद देते. सीमाभागात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आपल्या कानांवर पडतात. गारव्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे! घुबडाचेही तसेच. आपण त्याला अशुभ मानतो. इंग्रजीत शहाण्या माणसाला घुबडाची उपमा देतात, कारण ग्रीकांच्या अथेना या ज्ञानदेवतेचा तो पक्षी. मराठी अर्थ मनात धरून असे वाक्य वाचले, तर स्तुतीची निंदा होईल.

म्हणून अडलेल्या वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. कोणाविषयी बोलले आहे? त्याला कशाची उपमा दिली आहे? आणि त्या लोकांच्या मनात त्या वस्तूचा कोणता गुण आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वाक्य उलगडते.

हीच अडचण एके काळी इंग्रजांनाही होती. ‘पोटात कावळे ओरडतात’ हे ऐकून परक्या माणसाने काय समजावे? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात शब्दांबरोबर मराठी वाक्प्रचारही नोंदलेले आहेत. परक्याने आपली भाषा इतक्या बारकाईने ऐकली, तर त्याची भाषा आपण भिऊन का वाचावी? मातृभाषेचे अलंकार ज्याला नीट उमगले, त्याने इंग्रजीची निम्मी वाट चाललेली आहे, असे आम्हांस वाटते.